फरारबाईंच्या शाळा

१८५३ सालच्या सप्टेंबरात ‘ज्ञानोदय’मध्ये जोतीराव फुल्यांचे एक निवेदन छापून आले. पुण्यात मुलींची शाळा काढायचे मनात कसे आले, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. एका मित्राबरोबर ते अहमदनगरला आले होते. तिथे अमेरिकन मिशनच्या फरारबाई चालवत असलेल्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या. मुली नीट शिकताना पाहून त्यांना आनंद झाला, आणि पुण्याला परतल्यावर ते कामाला लागले. मित्र बहुधा सदाशिव बल्लाळ गोवंडे असावेत, कारण ते त्या काळी नगरला सरकारी नोकरीत होते. जोतीरावांची ती शाळा जिथे भरली तो पुण्यातला भिडेवाडा महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. भिडेवाड्याची वाट नगरवरून गेली, हे मात्र खुद्द नगरमध्येही फार थोड्यांना माहीत असते.

म्हणून या स्मरणिकेत त्या शाळांचा आणि त्या चालवणाऱ्या बाईंचा वृत्तान्त यावा असे वाटले. संस्थेचा इतिहास म्हटला की कोनशिला, इमारतीचा फोटो आणि अध्यक्षांची यादी अशी सवय आपल्याला लागली आहे. फरारबाईंच्या कामात यातले काही शोधायला गेले तर हाती फार लागणार नाही. त्यांच्या शाळा म्हणजे मुख्यतः माणसे होती. शिकणाऱ्या मुली, शिकवणारे पंतोजी, नाखूश आईबाप आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारी एक देखरेख करणारी बाई. ज्यांच्यासाठी शाळा असते हेच समाजाला ठाऊक नाही, अशा मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. फरारबाईंच्या आयुष्याकडे मी त्याच नजरेने पाहतो.

सिंथिया फरार यांचा जन्म २० एप्रिल १७९५ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर प्रांतातल्या मार्लबरो गावचा. मिशनमध्ये येण्याआधीच त्या शिक्षिका होत्या, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्या काळी परदेशी मिशनच्या कामात बाया येत त्या मिशनऱ्याची बायको म्हणून. शिकवणे हे त्यांचे जोडकाम असे. संसार, बाळंतपणे, आजारपणे यांतून वेळ उरला तर शाळा. फरारबाईंचे तसे नव्हते. त्यांनी लग्न केले नाही. शाळा हेच त्यांचे नेमून दिलेले काम होते. एकट्या, अविवाहित शिक्षिकेला अमेरिकेतून परदेशी धाडल्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांत त्यांचे नाव येते.

त्यांना बोलावणे आले ते मुंबईहून. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले होते. थोड्याच वर्षांत मुलांच्या शाळा सुरू झाल्या आणि १८२४ साली मिशनने मुलींची शाळा काढली. पश्चिम हिंदुस्थानात एतद्देशीय मुलींसाठी निघालेली ही पहिली शाळा मानली जाते. शाळा निघाली खरी, पण चालवायची कोणी? मिशनऱ्यांच्या बायका आळीपाळीने लक्ष देत. मुंबईची हवा त्यांना सोसत नसे. कोणी आजारी पडे, कोणी दगावे, कोणाला मायदेशी परतावे लागे. १८२६ साली खुद्द हॉल नाशिककडच्या दौऱ्यावर कॉलऱ्याने गेले. ज्या बाईला दुसरे कसलेही काम नाही अशी एक बाई पाठवा, अशी मागणी मुंबईने मिशनच्या बोस्टनमधल्या कचेरीकडे केली आणि त्यातून बत्तीस वर्षांच्या फरारबाईंची निवड झाली. १८२७ च्या जूनमध्ये ‘एमरल्ड’ जहाजाने स्टोन आणि अ‍ॅलन या मिशनरी कुटुंबांबरोबर त्या बोस्टनहून निघाल्या आणि कलकत्त्यामार्गे २९ डिसेंबरला मुंबईला पोचल्या.

मुंबईत त्यांनी दहा वर्षे काढली. पुढे नगरमध्ये जे उभे राहिले त्याची घडण या दहा वर्षांत झाली. मराठी शिकणे ही पहिली पायरी. शिकवायला बायका मिळायच्या नाहीत, कारण लिहितावाचता येणारी बाई सापडणेच कठीण. म्हणून पुरुष पंतोजी, तेही बहुतेक ब्राह्मण, मुलींना शिकवायला ठेवावे लागत. पंतोजींना घरी बोलणी खावी लागत, शेजारी हिणवत. पोरीच्या हाती लेखणी आली की तिचा नवरा लवकर मरतो, ही समजूत घरोघर पक्की होती. ती बाजूला ठेवली तरी एक रोकडा सवाल उरायचाच: शिकून पोरगी काय करणार? मुलगा शिकला तर कचेरीत कारकून होईल. पोरगी आठ-नऊ वर्षांची झाली की तिचे लग्न होणार आणि ती सासरी जाणार. मग हा वेळ कशाला घालवायचा?

हा सवाल मी स्वतः अनेकदा ऐकला आहे, फक्त मुलींच्या बाबतीत नव्हे. “शिकून काय करणार हो तो, सर?” मतिमंद मुलाला घेऊन आलेल्या आजीने किंवा जन्मांध मुलीच्या वडिलांनी हे विचारले की त्यात दुष्टावा नसतो. आपल्या मुलाचे शिकणे कसे असते, हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. अशा वेळी वाद घालून उपयोग नसतो. एक मूल शिकवून दाखवावे लागते, मग दुसरे येते.

फरारबाईंनी केले ते हेच. शाळा काढल्या, मोडल्या, पुन्हा काढल्या. प्रत्येक शाळेला ठरल्या दिवशी जायचे, हजेरी पाहायची, मुलींना उभे करून वाचून घ्यायचे, पंतोजीचा पगार चुकता करायचा, गैरहजर मुलीच्या घरी जाऊन आईशी बोलायचे. त्यांच्या हाताखाली मुंबईत मुलींची संख्या काही शेकड्यांवर गेली. १८२९ साली स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन मुंबईत आले आणि मार्गारेटबाईंनीही मुलींच्या शाळा सुरू केल्या. त्यामुळे काही वर्षांत मुंबईत मुलींची शाळा ही निदान कानावरची गोष्ट झाली.

पण मुंबईने त्यांच्याही तब्येतीचा घास घेतला. १८३७ साली त्या अमेरिकेला परतल्या. दहा वर्षे परक्या हवेत झिजलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईने तिथेच राहायचे ठरवले असते, तर कोणी नाव ठेवले नसते. १८३९ साली त्या पुन्हा आल्या, आणि या वेळी नगरला.

मिशनचे नगरचे ठाणे तेव्हा आठ वर्षांचे होते. १८३१ च्या डिसेंबरात ग्रेव्ह्ज, हर्वी आणि रीड हे तिघे इथे आले. हवा कोरडी, जवळ लष्कराची छावणी, चहूकडे खेडी. हर्वी तर वर्षाच्या आतच कॉलऱ्याने गेले. निजामशाहीचे वैभव ओसरून जमाना झाला होता. पेशवाई जाऊन दोन दशके उलटली होती. भुईकोट किल्ल्यावर कंपनी सरकारचे निशाण होते. अवर्षण तर या मुलुखाच्या पाचवीलाच पुजलेले.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. याच जिल्ह्यातल्या चौंडीला १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या, आणि त्यांचे वडील माणकोजी शिंदे यांनी लेकीला लिहायला-वाचायला शिकवले असे परंपरा सांगते. म्हणजे या मातीत मुलीला अक्षर देणारा बाप फरारबाईंच्या शंभर वर्षे आधी होऊन गेला होता. पण तो एका घरातला, एका बापाचा निर्णय होता. गावातल्या कोणत्याही मुलीने यावे आणि शिकावे अशी जागा मात्र नव्हती.

नगरच्या ठाण्याची आणखी एक आठवण माझ्या मनातून जात नाही. सुरुवातीच्या दिवसांत शहरात इंग्रज रहिवाशांच्या वर्गणीवर चालणारे एक आश्रयस्थान होते. तिथे आंधळे, लंगडे, म्हातारे, टाकून दिलेले लोक जमत. मिशनरी आणि त्यांचे सहकारी बाबाजी तिथे रोज जाऊन बोलत, प्रार्थना घेत. त्या आंधळ्यांना धान्य मिळे, अंगावर कपडा मिळे. त्यांना वाचायला शिकवता येईल असे मात्र कोणाच्या स्वप्नातही नव्हते. लुई ब्रेलने आपली ठिपक्यांची लिपी पॅरिसमध्ये नुकतीच, १८२९ साली, प्रसिद्ध केली होती आणि ती खुद्द फ्रान्समध्येही अजून कोणी मनावर घेत नव्हते. या आश्रयस्थानाचा धागा पुढे सत्तर वर्षांनी पुन्हा हाती लागतो.

फरारबाई आल्या तेव्हा नगरच्या मिशनमध्ये मुलींच्या शिक्षणाचे दोन प्रवाह होते. एक, मिशनच्या आवारातली निवासी शाळा. तिच्याकडे बॅलंटाइनबाईंचे लक्ष असे. त्यांचे यजमान हेन्री बॅलंटाइन यांनी १८३५ पासून तीस वर्षे नगरला काढली, आणि १८४२ च्या जूनमध्ये ‘ज्ञानोदय’ नगरमध्येच निघाले त्यात त्यांचा मोठा वाटा होता. या निवासी शाळेत पुढे बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांतल्या मुली असत. दुसरा प्रवाह म्हणजे शहरातल्या दिवसाच्या शाळा, ज्यांत हिंदू मुली आपापल्या घरातून येत आणि संध्याकाळी घरी जात. हे काम फरारबाईंकडे आले.

या दुसऱ्या कामाची अडचण वेगळी आहे आणि ती मिशनच्या अहवालांच्या कौतुकात झाकून जाते. निवासी शाळेत मूल तुमच्या छपराखाली असते. दिवसाच्या शाळेत ते रोज सकाळी नव्याने मिळवावे लागते. घरात लग्न निघाले, भाऊ आजारी पडला, सण आला, आजी रागावली, की दुसऱ्या दिवशी ती जागा रिकामी. त्यात धर्मांतराची भीती. १८३९ सालीच नगरमध्ये खिस्ती आडनावाच्या हरिपंत आणि नारायण या ब्राह्मण बंधूंनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि शहर हादरले. अशा बातमीनंतर मिशनच्या शाळा ओस पडत. लोक पोरींना ओढून घरी नेत. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

लोकांची भीती निराधार होती असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. फरारबाई धर्मप्रसारासाठी आल्या होत्या आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. शाळेत बायबलच्या गोष्टी होत्या, प्रश्नोत्तरे पाठ करून घेतली जात, गाणी होती. मुलगी पुस्तक वाचू लागावी, या इच्छेत ते पुस्तक कोणते हेही आधीच ठरलेले होते. पण शिकवण्याचा एक गुण असा असतो की अक्षर एकदा मुलीच्या हाती आले की तिने काय वाचावे हे शिक्षिकेच्या हाती राहत नाही. जोतीरावांनी नगरला येऊन हे अचूक ओळखले. त्यांनी फरारबाईंचा धर्म घेतला नाही, पण शाळा कशी चालवायची ते डोळे भरून पाहिले आणि पुण्याला नेले.

त्या काळच्या वर्गात मूल शिकायचे कसे, तेही थोडे जवळून पाहू. पाटीवर बारीक धूळ किंवा वाळू पसरायची, काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचे, मोडायचे, पुन्हा काढायचे. बोट अक्षराच्या वळणात फिरून फिरून ते हाताला पाठ होते. मग बोरू आणि कागद. मुलांच्या शाळांत हिशेबासाठी मोडी लागे, पण छापील पुस्तके बाळबोधीत होती आणि मिशनला वाचणाऱ्या मुली हव्या होत्या. म्हणून मुलींना बाळबोध. पाढे आणि थोडा हिशेब. आणि शिवण. शिवण ही फार शहाणपणाची सोय होती. लेक शाळेतून शिवणकाम शिकून येते हे आईला पटत असे, आणि सुईदोऱ्याच्या निमित्ताने पोरगी शाळेत टिकली तर अक्षरेही टिकत. आजही विशेष शाळेत हाच मार्ग आहे. मेणबत्त्या, खडू, कागदी पिशव्या करायला शिकवतो म्हटले की पालक मूल पाठवतात, आणि त्या कामाच्या टेबलावर बसूनच मूल मोजायला, रंग ओळखायला, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकते.

जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाई यांचे नगरशी नाते इथे जुळते. जोतीराव १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेच्या कामाला लागले तेव्हा त्यांच्यापुढे फरारबाईंच्याच सुरुवातीची अडचण होती: शिकवायला बाई कुठून आणायची? त्यांनी घरातच बाई घडवली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण नगरला फरारबाईंच्या हाताखाली आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल शाळेत घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगत आले आहेत. त्यांच्या सहकारी फातिमा शेख यांचेही नाव या प्रशिक्षणाशी जोडले जाते.

हे किती मोठे वळण होते ते आज लक्षात यायला थोडे थांबावे लागते. फरारबाईंनी मुंबईत सुरुवात केली तेव्हा मराठी मुलींना शिकवायला मराठी बाई नव्हती. वीस-बावीस वर्षांनी, त्याच साखळीतून, शिकवणारी मराठी बाई उभी राहिली. सातासमुद्रापलीकडून आलेल्या शिक्षिकेने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, असे मला कोणी विचारले तर मी मुलींची संख्या सांगणार नाही. आपल्यानंतर शिकवणारी बाई तिने तयार केली, हे सांगेन. १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबागवाड्यात मेजर कँडींच्या हस्ते सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला, शालजोडी मिळाली. त्या दिवशी फरारबाई नगरला आपल्या शाळांच्या फेरीवर असतील, असे मला नेहमी वाटते.

देखरेख या शब्दाला आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. शिक्षकाचे चरित्र लिहिताना आपण वर्गातले प्रसंग लिहितो, आणि व्यवस्थापन म्हणजे कागद म्हणून सोडून देतो. पण फरारबाईंच्या बाबतीत तेच मुख्य होते. एका जागी बसून वर्गाला शिकवणारी बाई फार तर एका खोलीपुरती. वेगवेगळ्या वस्त्यांतल्या शाळा एकाच वेळी जिवंत ठेवायच्या तर कोणत्या पंतोजीचे चित्त उडाले आहे, कोणत्या शाळेत हजेरी कागदावरच आहे, कोणत्या गल्लीत नवी खोली मिळेल, कोणत्या मुलीचे लग्न लांबवण्यासाठी तिच्या आईशी बोलता येईल, हे सगळे एका डोक्यात असावे लागते. शिवाय हजारो मैलांवरच्या बोस्टनला दरवर्षी हिशेब आणि अहवाल धाडायचा, पैसे कमी पडले तर कोणती शाळा बंद करायची ते ठरवायचे. बंद केलेल्या शाळेच्या मुलींना तोंड दाखवायचे ते त्यांनीच. मिशनच्या समितीत बायकांना मत नव्हते. निर्णय पुरुष घेत आणि निभावत या. तक्रार न करता हे सारे त्यांनी केले की मनात तक्रार ठेवून केले, त्याला आता महत्त्व नाही. तेवीस वर्षे त्यांनी नगर सोडले नाही, एवढे मला पुरेसे आहे.

२५ जानेवारी १८६२ ला त्या नगरलाच वारल्या. वय सहासष्ट. हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यापासून चौतीस वर्षे झाली होती, त्यातली दोनच त्यांनी मायदेशी काढली. नगरच्याच भूमीत त्यांचे दफन झाले.

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यावर लिहायला दुसरी माणसे आहेत. मिशनची मुलींची शाळा वाढत गेली आणि विसाव्या शतकात क्लेरा ब्रूस या मुख्याध्यापिकेच्या काळात तिला नावलौकिक मिळाला. आजचे क्लेरा ब्रूस गर्ल्स हायस्कूल त्यांच्या नावाचे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई नगरच्या याच परिसरात राहिले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या काळच्या नगरचे वातावरण भेटते. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेज काढले ते याच परंपरेतून. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे.

आता त्या आश्रयस्थानातल्या आंधळ्यांकडे वळतो.

१८९६-९७ चा दुष्काळ, त्याच्या पाठीवर प्लेग, आणि मग १८९९-१९०० चा महादुष्काळ. नगर जिल्ह्यात माणसे आणि जनावरे वाटेवर पडली. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांनी आणि मिशनच्या इतर माणसांनी अनाथ मुले पोटाशी घेतली. ह्यूमना या कामासाठी सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. अनाथ मुलांच्या या लोंढ्यात आंधळी मुलेही होती. काही जन्मापासूनची, काही देवीने आणि उपासमारीने डोळे गेलेली. पोट भरले की त्यांचे पुढे काय? १८३२ साली या प्रश्नाला उत्तर नव्हते. १९०० साली होते, पण ते देणारे माणूस हवे होते.

याच अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंध मुलांची शाळा सुरू केली. तीच पुढे दादरला स्थिरावली आणि आज श्रीमती कमला मेहता दादर अंध शाळा म्हणून अंध मुलींना शिकवते. हिंदुस्थानात त्याआधी १८८७ साली अ‍ॅनी शार्प यांनी अमृतसरला अंधांची शाळा काढली होती. मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ पासून होती, आणि १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंध शाळा निघाली. आपल्या शेजारी, दौंडजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्येही अंध बाया आणि मुली ब्रेल शिकल्या. मराठी मुलखात विशेष शिक्षणाचा पाया या पंधरा-वीस वर्षांत घातला गेला, आणि त्यात दुष्काळाने रस्त्यावर आणलेल्या मुलांचा हात मोठा आहे, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

मिलार्डबाईंची अडचण फरारबाईंच्याच जातीची होती. मुले आहेत, पण शिकवायचे कशात? हिंदुस्थानातल्या भाषांसाठी ब्रेलची एकच लिपी नव्हती. मिशनऱ्यांनी आणि शिक्षकांनी प्रांतोप्रांती वेगवेगळ्या पद्धती बसवल्या आणि एका शाळेचे पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला वाचता येईना, अशी गत झाली. हा गोंधळ पन्नास वर्षे चालला. १९५१ साली भारती ब्रेल ठरली तेव्हा कुठे मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ या भाषांच्या सारख्या उच्चाराच्या अक्षरांना सारखे ठिपके मिळाले.

सहा ठिपक्यांचे घर असते. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. ‘न’ म्हणजे एक, तीन, चार, पाच. ‘ग’ म्हणजे एक, दोन, चार, पाच. ‘र’ म्हणजे एक, दोन, तीन, पाच. या क्रमाने तीन घरे टोचली की ‘नगर’ हा शब्द होतो, प्रत्येक घरात चार-चार ठिपके. लिहिताना जाड कागद पाटीत अडकवून टोच्याने मागच्या बाजूने, उजवीकडून डावीकडे टोचायचे, आणि कागद उलटून उमटलेले ठिपके डावीकडून उजवीकडे बोटाने वाचायचे. म्हणजे मुलाला प्रत्येक अक्षर दोन रूपांत लक्षात ठेवावे लागते, टोचायचे वेगळे आणि वाचायचे वेगळे. पहिल्यांदा आपले नाव आपल्या बोटाखाली वाचणाऱ्या मुलीचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला शिक्षणाची व्याख्या कोणी सांगावी लागत नाही.

आज कायदा मुलांच्या बाजूने आहे. १९९५ च्या आणि त्यानंतर २०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्याने हक्क दिले. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, आणि ठरावीक प्रमाणाइतके किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा अधिकार मिळाला. विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. अनुदानित विशेष शाळेला अधीक्षक, काळजीवाहक, वाचा-उपचारतज्ज्ञ अशी पदे आहेत. पण आपल्या राज्यात या शाळा वर्षानुवर्षे शिक्षण खात्याकडे नव्हत्या, समाजकल्याण खात्याकडे होत्या. मूल आंधळे असले की त्याचे शिक्षण हे शिक्षण राहत नाही, कल्याण होते, असा त्याचा अर्थ आम्ही शिक्षकांनी नेहमीच लावला आणि तो आम्हाला टोचत राहिला. २०२२ च्या डिसेंबरात राज्याने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. तेवढ्याने वर्गातली परिस्थिती पालटत नाही, पण दाद मागायला निदान एक दार झाले.

शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन शिकवणारे शिक्षक समग्र शिक्षा अभियानात आहेत. मेंदूच्या पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले मूल, बहुविकलांग मूल, त्यांच्या वाड्या-वस्त्यांवर हे शिक्षक जातात. अकोले तालुक्यातल्या डोंगरी पाड्यांपासून जामखेड-पाथर्डीच्या कोरड्या माळांपर्यंत हा जिल्हा पसरलेला आहे, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. एका शिक्षकाला दिवसाकाठी दोन घरे झाली तरी खूप. आईला मुलाचे हात कसे हलवायचे ते दाखवायचे, घास भरवताना मान कशी धरायची ते सांगायचे, रंगीत ठोकळे पुढे ठेवायचे, वहीत नोंद करायची, पुढच्या वस्तीवर जायचे. फरारबाईंची फेरी हीच होती.

या शिक्षकांनी आयुष्याची दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे कंत्राटावर काढली. वर्षाअखेरीला करार संपला की पुढच्या कराराची वाट पाहायची, आणि दरम्यान ज्या मुलाला मान धरता येऊ लागली होती त्याच्या घरी पुढच्या आठवड्यात कोण जाणार याचे उत्तर आईला द्यायचे. जिल्ह्याच्या शिक्षणाचा हा इतिहास वाचणाऱ्यांत जिल्हा परिषदेचे सदस्य असतील, अधिकारी असतील, मंत्रालयात ओळख असलेली माणसे असतील. त्यांच्याकडे एकच मागणे आहे. घरोघरी फिरणाऱ्या या विशेष शिक्षकांना कायम पगार द्या, प्रवासभत्ता वेळेवर द्या, आणि एका शिक्षकाकडे किती गावे असावीत याची मर्यादा ठरवा. आणि हे ठरवायला बसाल तेव्हा एखाद्या दिवशी त्यांच्याबरोबर एका वस्तीवर जाऊन या.